बेसमेंटमधला नेम

"हे काय गं? हॉस्टेल चालवतेस का?" फ्रिज उघडून कृतिका हसली.

ती लिंबू शोधत होती. मधल्या कप्प्याच्या काठावर निळी टेप चिकटवलेली होती आणि टेपवर जाड मार्करनं 'जयदीप' लिहिलेलं होतं. त्या कप्प्यात दुधाची वेगळी पिशवी, दह्याचा वेगळा डबा, काचेच्या भांड्यात झाकून ठेवलेलं उरलेलं वरण. बाकीचे कप्पे खच्चून भरलेले. ते घरातल्या उरलेल्या तिघांचे.

"नेम आहे त्याचा," अबोली म्हणाली. "वर्षभराचा. स्वतःचं स्वतः करून खातो. बेसमेंटमध्ये इंडक्शन लावलंय, झोपतोही तिथेच. कपडेसुद्धा आपले आपण धुतो."

सांगताना तिच्या आवाजात थोडा अभिमान होता. मराठी मंडळातल्या बायका आपापल्या नवऱ्यांची गाऱ्हाणी सांगू लागल्या की ती हेच सांगायची. पन्नाशीला टेकलेला, मोठ्या हुद्द्यावरचा सॉफ्टवेअरवाला माणूस परदेशात, मिसिसागात राहून इतकं कडक व्रत पाळतो, ही काही साधी गोष्ट नव्हती.

"आणि तू?" कृतिकानं विचारलं.

"मी काय? माझ्या तीन पोळ्या वाचल्या रोजच्या."

या वेळी कृतिका हसली नाही. ती फ्रिजचं दार धरून तशीच उभी राहिली, इतका वेळ की फ्रिज टिंगटिंग वाजायला लागला.

अबोली फ्रेंच बोलणाऱ्या लव्हाल शहरातून इकडे राहायला आली, तेव्हापासूनची ही मैत्रीण. कृतिका एका वकिलाच्या ऑफिसात क्लार्क होती आणि त्या ऑफिसात फक्त घटस्फोटाची कामं यायची. घरी कुणाकडे गेली की ऑफिसचं काही बोलायचं नाही, हा तिचा नियम होता. आज तिनं तो मोडला.

"बस जरा. मला एक सांग, तुम्ही दोघं मिळून शेवटचे कुठे गेला होतात? ग्रोसरीला, कुणाकडे जेवायला, कुठेही."

"अगं नेम आहे म्हटलं ना. तो नाही येत माझ्याबरोबर कुठे."

"लग्नाचा वाढदिवस?"

"तोही नाही केला. विसावा होता डिसेंबरात, मी हॉलसुद्धा बघून ठेवला होता. तो म्हणाला, या वर्षी नको."

"आणि हा नेम कधीपासून?"

"मागच्या गुरुपौर्णिमेपासून. पण तू पोलिसासारखी काय विचारतेयस?"

कृतिकानं खुर्ची ओढली. "ऐक. घाबरू नकोस, पण नीट ऐक. इथे घटस्फोट हवा असेल तर बहुतेक वेळा नवरा-बायको वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागतात. वेगळे म्हणजे वेगळ्या घरातच असं नाही. एका छपराखालीसुद्धा वेगळं राहता येतं. मग कोर्ट काय बघतं? स्वयंपाक कोण कुणाचा करतं. झोपतात कुठे. कपडे कोण धुतं. चारचौघांत जोडीनं जातात का. आमच्याकडे लोक फोटो घेऊन येतात गं याचे. फ्रिजचे फोटो."

अबोलीची नजर टेपकडे गेली.

"आणि लग्न किती वर्षांचं, हे वेगळं झाल्याच्या दिवसापर्यंतच मोजतात. तुझ्यासारखी बाई, जिनं नवऱ्याच्या नोकरीपायी आपली सोडली, तिचं लग्न वीस वर्षं टिकलेलं असेल तर पोटगीला सहसा शेवटची तारीख घालत नाहीत. वीसच्या आत असेल तर घालतात. दहा वर्षं म्हण, पंधरा म्हण. मग बंद. कायद्यात हे दगडावर कोरल्यासारखं नाही, पण जज लोक बहुधा ती वीसची रेघ बघूनच चालतात."

"म्हणजे डिसेंबर उलटला की..."

"की ती रेघ ओलांडली. आणि जो त्याच्या आधीच्या जुलैतच खाली राहायला गेला, तो रेघेच्या अलीकडेच राहिला."

वरून एक विमान गेलं. एअरपोर्ट जवळ असल्यामुळे या घरात दिवसभर विमानं जात आणि कुणी त्याकडे लक्ष देत नसे. त्या दिवशी मात्र दोघींनी ते पूर्ण जाईपर्यंत ऐकलं.

"जयदीप असा नाही," अबोली म्हणाली.

"नसेलही. मी रोज तेच बघते, म्हणून मला जिथे तिथे तेच दिसत असेल." कृतिका उठली. "लिंबू कुठेय?"

*

नागपूरला असताना अबोली एका लॅबमध्ये मायक्रोबायॉलॉजिस्ट होती. लग्न होऊन लव्हालला आल्यावर तिनं पहिली दोन वर्षं नुसतं फ्रेंच शिकण्यात घालवली, कारण त्याशिवाय हॉस्पिटलची लॅब दारात उभी करत नव्हती. शेवटी बोलावणं आलं आणि त्याच महिन्यात जयदीपला इकडे चांगली जागा मिळाली. मग ऊर्मी झाली. मग सासूबाईंचं आजारपण, मग दोन वर्षांपूर्वी अण्णा, म्हणजे तिचे सासरे चंद्रकांत, व्हिसावर इथे राहायला आले. आता ती जवळच्या शाळेत मधल्या सुट्टीत डबे खाणाऱ्या मुलांवर लक्ष ठेवायची. रोज एक तास. बाहेरची तिची नोकरी तेवढीच.

कृतिका गेली त्या संध्याकाळी तिनं गोळाभात केला. जयदीपला गोळाभात इतका आवडे की लहानपणी तो त्यासाठी मामाकडून पळून घरी आला होता. तिनं एक वाटी भरून त्याच्या कप्प्यात ठेवली. सकाळी ती वाटी तिच्या कप्प्यात होती. झाकण नीट बसवलेलं, आतला एक घासही कमी नाही.

दोन दिवसांनी त्याचा एक शर्ट चुकून तिच्या मशीनमध्ये आला. चुकून नव्हे, तिनंच घेतला होता. त्यानं तो वाळत घातलेला पाहिला आणि शांतपणे काढून घेतला.

"अबोली, माझे कपडे धुऊ नकोस. आपलं ठरलंय ना?"

"शर्ट आहे रे एक. नेम काय बाटतो त्यानं?"

"आपलं ठरलंय," तो पुन्हा म्हणाला. आवाज मऊ होता. त्याचा आवाज नेहमीच मऊ असायचा. याआधी कधी त्या मऊपणाची तिला भीती वाटली नव्हती.

तो ऑफिसला गेल्यावर ती खाली उतरली. वर्षभरात ती नेमाचा मान राखून बेसमेंटमध्ये गेलीच नव्हती. पलंग नेटका घातलेला, टेबलावर लॅपटॉपची जागा, खिडकीजवळ इंडक्शन आणि दोन पातेली. कोपऱ्यात दत्ताची तसबीर आणि तिच्यापुढे समई. तिनंच पहिल्या दिवशी वाती घालून ती दिली होती. वाती होत्या तशा होत्या, पांढऱ्या, टोकांना काजळीचा डागसुद्धा नाही. ती बराच वेळ त्या वातींकडे बघत राहिली. मग आपण इथे आल्याची खूण राहू नये म्हणून गालिच्यावरची आपली पावलं हातानं पुसत, उलटी चालत वर आली.

*

अण्णा दिवाणखान्यात जाड कागदाची अक्षरं कापत बसले होते. रविवारी शेजारपाजारची मुलं त्यांच्याकडे मराठी शिकायला यायची. या वेळी ळ काढायचा होता आणि तो कात्रीला नीट जमत नव्हता.

"अण्णा, जयदीपनं नेम कुठला धरलाय? नाव काय त्याचं?"

"काऊन गं? वर्ष संपत आलं आणि आता विचारतेस?"

"सांगा तर."

अण्णांनी कात्री ठेवली. "नाव असं नाही सांगितलं त्यानं. गुरुपौर्णिमेचा दिवस होता. आपण स्वयंपाकघरात होतो की. तो आला आणि म्हणाला, आजपासून वर्षभर मी खाली वेगळा राहणार आहे, माझं मी करून खाईन. तूही होतीस. मी म्हटलं, अरे वा, नेम धरलास की काय!"

"आणि तो काय म्हणाला?"

"हसला."

"हो म्हणाला का, अण्णा?"

अण्णांनी डोळे मिटून तो दिवस आठवायचा प्रयत्न केला. निवृत्त झाल्यापासून ते स्वतः दर चातुर्मासात एकभुक्त राहायचे. त्यांच्या घरात माणूस एकाएकी वेगळं जेवू लागला तर त्याचा दुसरा अर्थ कुणाच्या मनातच येत नसे. "मान हलवली त्यानं," ते म्हणाले. "मी विचारलं, नेम का? आणि त्यानं मान हलवली. शब्द माझा होता, हे खरं."

अबोलीला आठवलं, त्यानंतर जयदीप तिच्याकडे वळून म्हणाला होता, "मी वेगळा राहिलो तर चालेल ना तुला?" आणि ती हसून म्हणाली होती, "चालेल की. त्यात विचारायचं काय?" वर्षभरात तो नेम हा शब्द एकदाही बोलला नव्हता. ती बोलली होती, अण्णा बोलले होते, सगळं मंडळ बोललं होतं.

तिनं वॉशरूममध्ये जाऊन दार लावलं आणि कृतिकाला फोन केला.

"खोटं बोललाच नाही तो," ती कुजबुजली. "नेम हा शब्द आम्हीच त्याला दिला."

"पण त्यानं तो घेतला," कृतिका म्हणाली. "तुम्हाला काय वाटतंय ते त्याला कळत होतं. हेच दाखवावं लागेल. नेम असेल तर ते वेगळं होणं नाही. वेगळं होणं असेल तर नेम नाही. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. तो नेम होता, असं त्यानं चार माणसांत कबूल केलं पाहिजे. एकदा तरी."

*

नेम सुटताना उद्यापन करतात आणि ते जोडीनं करावं लागतं. नवऱ्याच्या हाताला बायकोनं हात लावायचा, मग संकल्प सोडायचा आणि तिच्या हातचं जेवून नेम मोकळा करायचा. अण्णांनी तिथी काढली. गुरुपौर्णिमा या वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे आली होती, म्हणजे कोर्ट मोजतं ते वर्ष भरायच्या आधीच.

अबोलीनं जयदीपला जिन्यावर गाठलं. तो खाली उतरत होता, ती वरच्या पायरीवर.

"गुरुपौर्णिमेला उद्यापन ठेवलंय. संध्याकाळी, तू ऑफिसातून आलास की."

तो थांबला. वळला नाही. "कुणी सांगितलं उद्यापन करायला?"

"अण्णांनी. नेम सोडायला नको का?"

"कोण कोण येणार आहे?"

"कृतिका-नंदन. मंडळातली आणखी चार घरं."

तिला फक्त त्याची मान दिसत होती आणि ती मान विचार करत होती.

"बोलाव," तो म्हणाला. "सगळ्यांना बोलाव. बरं होईल."

तो उतरून गेला. अबोलीनं कठडा घट्ट धरला. त्यानं नाही म्हटलं असतं तर तिला इतकं गार वाटलं नसतं.

*

त्या संध्याकाळी ऊन उतरायचं नाव घेत नव्हतं. दिवाणखान्यात दोन पाट मांडले होते. अबोली जांभळी साडी नेसून एका पाटावर बसली. शेजारचा पाट रिकामा होता. पाहुणे सोफ्यावर, खुर्च्यांवर, कुणी जमिनीवर. सतरा वर्षांची ऊर्मी जिन्याच्या पायरीवर फोन घेऊन बसली होती. स्वयंपाकघरातून पुरणाचा वास येत होता.

जयदीप ऑफिसच्याच कपड्यांत वर आला. कुणीतरी म्हटलं, "आले, आले! सोवळं नेसून या हो महाराज!" आणि सगळे हसले. तोही हसला.

"बस," अण्णा म्हणाले. "आधी संकल्प. नेम कुठला होता ते सांग, म्हणजे मी तसं म्हणतो."

जयदीप पाटाजवळ आला आणि उभाच राहिला.

"अण्णा, गैरसमज झालाय थोडा. तुमच्या सगळ्यांचाच. मी नेम धरला नव्हता. मी अबोलीपासून वेगळा झालो. तेव्हाच सांगितलं होतं. तिलाही, तुम्हालाही."

एका बाईनं हातातला पंखा थांबवला.

"नंदन," जयदीप त्याच मऊ आवाजात कृतिकाच्या नवऱ्याला म्हणाला, "तू मागे विचारलं होतंस, जेवायला तुम्ही दोघं का येत नाही. मी काय म्हणालो?"

"तू म्हणालास..." नंदननं बायकोकडे पाहिलं. "म्हणालास, आम्ही आता वेगळे असतो. पण अरे, आम्हाला वाटलं नेमामुळे."

"तुम्हाला काय वाटलं ते नाही विचारत मी. मी काय म्हणालो ते विचारतोय."

मग त्यानं एकेकाकडे पाहिलं. मंगळागौरीला मी आलो नव्हतो, हे तुम्हाला माहीत आहे ना? दिवाळीला मी वेगळा आलो होतो ना? प्रत्येक जण हो म्हणत गेला, कारण ते खरंच होतं. पाटावर बसलेल्या अबोलीला कळलं की याची साक्षीदार माणसं आपणच बोलावून, आपल्याच पुरणाच्या वासात, रांगेनं बसवली आहेत.

"आणि ऊर्मीलाही मी सांगितलं होतं," जयदीप म्हणाला. "आय टोल्ड यू, राइट, ऊर्मी?"

ऊर्मीनं फोन पालथा ठेवला.

"यू टोल्ड मी इन द कार, डॅड. यू सेड, रिमेंबर द डेट. अँड यू सेड, डोन्ट टेल मॉम."

अण्णांना नातीचं इंग्रजी चटकन कळत नसे. "काय म्हणाली ती?"

कृतिका बोलली. "म्हणाली, बाबांनी मला गाडीत सांगितलं. म्हणाले, ही तारीख लक्षात ठेव. आणि म्हणाले, आईला सांगू नकोस."

"डॅड, आय थॉट मॉम न्यू," ऊर्मी म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "मग तू रोज नेम नेम का म्हणत होतीस, मम्मा? आय थॉट यू वेअर प्रिटेंडिंग." वर्षभर पोरगी असं समजत होती की आईला सगळं माहीत आहे आणि ती लोकांसमोर नाटक करते आहे.

पाहुण्यांपैकी दोघं उठून चपला शोधू लागले. कृतिका अबोलीजवळ वाकली. "हे फार महत्त्वाचं आहे. तुला सांगितलंच नव्हतं, हे यातून दिसतं. पण ऊर्मीला ते कोर्टापुढे सांगावं लागेल."

"नाही," अबोली म्हणाली. हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ती नाही. सतरा वर्षांच्या पोरीला मी बापासमोर उभी करणार नाही. पोटगी दहा वर्षांनी बंद होणार असेल तर होऊ दे."

तिनं जयदीपकडे पाहिलं. त्याचे खांदे किंचित सैल झाले होते. ती असंच म्हणणार, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं तेही हिशेबात धरलं होतं. वीस वर्षांत त्यानं तिची जी काही ओळख करून घेतली होती, ती सगळी इथे वापरायला ठेवली होती.

"तिला नका बोलावू," अण्णा म्हणाले.

ते पळी खाली ठेवून, गुडघ्यावर हात देत उठले. उठायला त्यांना वेळ लागला आणि तोवर सगळे थांबले.

"मी सांगतो. मी त्याला विचारलं, नेम धरलास का. त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. त्यानंतर वर्षभर मी या घरात रोज त्याला विचारत आलो, नेम कसा चाललाय. रोज म्हणाला, छान चाललाय, अण्णा. वेगळा झालेला माणूस बापाला असं उत्तर देत नाही."

"अण्णा," जयदीप म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज किंचित वर गेला आणि लगेच पुन्हा मऊ झाला. "तुम्ही यात पडू नका. तुमचं वय झालंय."

"आठवण झाली नाही अजून कमी."

"सप्टेंबरात तुमच्या व्हिसाची मुदतवाढ आहे. तुमच्या खर्चाची हमी माझ्या सहीनं जाते. एवढंच लक्षात असू द्या."

ऊर्मीनं आजोबांकडे पाहिलं. एवढं मराठी तिला कळलं होतं.

अण्णा काही क्षण मुलाकडे बघत राहिले. वर्गात एखादा हुशार मुलगा कॉपी करताना सापडला की शिक्षक जसा आधी त्याच्या वहीकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघतो, तसे. मग ते कृतिकाकडे वळले.

"पोरी, माझं म्हणणं सप्टेंबरच्या आत कुठे लिहून देता येईल?"

"आमच्या ऑफिसात," कृतिका म्हणाली. "उद्यासुद्धा."

"मग उद्याच ये मला न्यायला. सकाळी."

जयदीप वळला आणि खाली गेला. बेसमेंटचं दार लागलं आणि आतून कडी सरकल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. अबोली पाटावरून उठली. तिनं ऊर्मीला पायरीवरून उठवून जवळ घेतलं आणि अण्णांना म्हणाली, "अण्णा, तुमची बॅग आज माझ्या खोलीत आणून ठेवा. पासपोर्टसुद्धा."